यंत्रांतलें यंत्र आणि वखारीची किल्ली

(नभोवाणीवरील भाषण)

हिंगोली जिल्ह्यांतील औंढा नागनाथ हें क्षेत्र ज्योतिर्लिंगामुळें महाराष्ट्राला शेंकडों वर्षें परिचित आहे. त्याच औंढ्याजवळच्या दुधाळा या गांवीं आतां एक निराळ्याच जातीची साधना सुरू व्हावयाची आहे. गुरुत्वीय लहरी टिपणारी 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा तेथें उभी राहणार आहे. १७ फेब्रुवारी २०१६ रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें या योजनेस तत्त्वतः मान्यता दिली, आणि एप्रिल २०२३ मध्यें सुमारें २,६०० कोटि रुपयांच्या खर्चास अखेरची मंजुरी मिळाली. प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या, काटकोनांत मांडलेल्या दोन निर्वात नळ्या, त्यांतून ये-जा करणारा लेसरचा किरण, आणि त्या किरणाच्या साहाय्यानें प्रोटॉनच्या व्यासाच्या सहस्रांशाहूनहि सूक्ष्म अशा हालचालीचें मापन, एवढें आपण वर्तमानपत्रांतून वाचलें असेल. मी आज त्या किरणाविषयीं बोलणार नाहीं. त्याच्यामागें जीं संगणकयंत्रें लागतात, आणि त्यांच्या पोटांत स्मृतीचा, म्हणजे मेमरीचा, जो कारभार चालतो, त्यांतल्या एका प्रश्नाविषयीं बोलणार आहें.

या प्रश्नाचा आपल्या घराशीं काय संबंध, असें कोणी विचारील. आपल्या बँकेची खातेवही, मुलांच्या परीक्षांचे निकाल, इस्पितळांतील तपासण्यांचे कागद आज कोठें असतात? पुष्कळदां ते आपल्या गांवच्या कचेरींत नसतात. कोठेंतरी दूर, भाड्यानें घेतलेल्या आणि खरें पाहतां स्वतंत्र अस्तित्वच नसलेल्या अशा एखाद्या संगणकांत ते असतात. केंद्र सरकारनें 'मेघराज' या नांवाची जी सेवा २०१४ सालीं सुरू केली, तिच्यांत सरकारी खात्यांना असेच संगणक वापरावयास मिळतात. या 'नसलेल्या' संगणकाच्या स्मृतींत बाहेरच्या कोणीं डोकवावें काय, डोकवावयाचें झाल्यास कोणत्या दारानें, किती वेळ आणि कोणाच्या परवानगीनें, हा आजचा विषय आहे.

प्रथम स्मृति म्हणजे काय तें पाहूं. क्रमांक घातलेल्या कोनाड्यांची एक लांबलचक रांग, एवढीच तिची व्याख्या पुरे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं 'टिफ्रॅक' हा भारतांत बनविलेला संगणक रीतसर सुरू झाला. त्याच्या स्मृतींत २,०४८ शब्द मावत. शब्द म्हणजे शून्य आणि एक या अंकांच्या ४० स्थानांची एक संख्या. यंत्रावर एका वेळीं एकच काम चाले. त्यामुळें अमुक कोनाडा कोणाचा, हा तंटाच नव्हता. घरांत एकच बिऱ्हाड असलें म्हणजे नळावर भांडण होत नाहीं, तसेंच हें. पुढें एकाच यंत्रावर अनेक कामें एकदम चालूं लागलीं, आणि जागेचा हिशेब ठेवणारा कोणी मध्यस्थ हवा झाला. इंग्लंडांत मँचेस्टर येथें १९६२ सालीं 'अ‍ॅटलस' नांवाचें यंत्र सुरू झालें. त्याच्या कर्त्यांनीं या अडचणीवर जो तोडगा काढला तोच आजहि आपण वापरतों.

तो तोडगा समजण्यासाठीं हिंगोलीकडचीच एक वखार डोळ्यांपुढें आणूं. हिंगोली-वसमतचा भाग हळदीसाठीं प्रसिद्ध आहे. समजा, शेतकऱ्यानें हळदीचीं शंभर पोतीं वखारींत ठेवलीं आणि पावती घेतली. पावतीवर 'पोतें क्रमांक १ ते १००' एवढेंच असतें. तीं पोतीं कोणत्या कोपऱ्यांत, कोणत्या थप्पींत आहेत, हें कारभाऱ्याच्या वहींत असतें. कारभाऱ्यानें सोयीसाठीं थप्पी हलविली तर तो आपली वही दुरुस्त करतो. शेतकऱ्याची पावती तीच राहते. जागा अपुरी पडली तर फारसा न लागणारा माल तो मागच्या पडवींत नेऊन ठेवतो, आणि मालक मागावयास आला म्हणजे लगबगीनें पुढें आणतो. संगणकांतहि असेंच घडतें. प्रत्येक प्रोग्रॅमच्या हातीं फक्त पावतीचे क्रमांक असतात. खरी जागा एकटा कारभारी जाणतो. या कारभाऱ्यास इंग्रजींत कर्नेल म्हणतात. आपण त्यास 'गाभा' म्हणूं. गाभा स्मृतीचा हिशेब पानागणिक ठेवतो, आणि बहुतेक यंत्रांत एक पान ४,०९६ बाइटांचें असतें. चार गिगाबाइट स्मृति म्हणजे अशीं १०,४८,५७६ पानें. वही लिहितो गाभा, पण ती क्षणोक्षणीं वाचण्याचें काम प्रोसेसरच्या अंगींच बांधून दिलेलें असतें. नाहींतर दर पावतीला कारभाऱ्यास हांक मारावी लागली असती आणि काम कधींच उरकलें नसतें.

आतां असें समजा, कीं एक व्यापारी आला आणि म्हणाला, "वखारीचा एक भाग मला भाड्यानें द्या. त्यांत मी माझी स्वतःची वखार चालवीन, माझा कारभारी नेमीन, आणि माझ्या गिऱ्हाइकांना माझ्या पावत्या देईन." ही वखारींतली वखार म्हणजेच आभासी यंत्र, ज्याला सर्वत्र 'व्हर्च्युअल मशीन' म्हणतात. आंतला कारभारी समजतो कीं आपणच सर्वाधिकारी. त्याला बाहेरच्या भिंती दिसत नाहींत. ही कल्पना नवी नाहीं. अमेरिकेंतील आय. बी. एम. कंपनीनें १९७२ सालीं अशा यंत्रांची व्यवस्था गिऱ्हाइकांपुढें मांडली. १९७४ सालीं पोपेक आणि गोल्डबर्ग या शास्त्रज्ञांनीं अशीं यंत्रें निर्दोष चालण्यासाठीं प्रोसेसरनें कोणत्या अटी पाळाव्यात तें सिद्धान्तरूपानें सांगितलें.

येथें हिशेबाच्या दोन पायऱ्या होतात. गिऱ्हाइकाची पावती आंतल्या कारभाऱ्याच्या वहींत पाहावयाची, आणि तेथें जो क्रमांक सांपडेल तो बाहेरच्या कारभाऱ्याच्या वहींत पुन्हा शोधावयाचा. आजच्या सामान्य प्रोसेसरांत ही वही चार पातळ्यांची असते, म्हणून एक पत्ता लावण्यास चार वेळां वही उघडावी लागते. आभासी यंत्रांत मात्र आंतल्या वहीचें प्रत्येक पान कोठें आहे, हें शोधण्यासाठींच बाहेरची वही पाहावी लागते. त्यामुळें ही संख्या चाराची आठ न होतां चोविसापर्यंत जाते. नेहमीं लागणारे पत्ते प्रोसेसर लक्षांत ठेवतो म्हणून निभावतें. तरीपण यावरून एवढें दिसेल, कीं या व्यवस्थेंत नुसतें 'आंत काय आहे तें पाहूं द्या' असें म्हणणें सोपें, पण तें घडवून आणणें नाजूक आहे.

लिनक्स या नांवाचा गाभा १९९१ सालीं फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स यांनीं लिहावयास घेतला. आज जगांतील भाड्यानें मिळणाऱ्या संगणकांपैकीं फार मोठा भाग त्याच्यावर चालतो. आभासी यंत्रें चालविण्याचें सामर्थ्य त्यास इस्रायलमधील अवी किव्हिटी यांच्या 'केव्हीएम' नांवाच्या जोडीमुळें आलें. २००६ सालीं त्यांनीं ती लोकांपुढें ठेवली, आणि फेब्रुवारी २००७ मध्यें लिनक्सच्या २.६.२० या आवृत्तींत ती समाविष्ट झाली. तिच्या इतिहासांत एक बोधप्रद वळण आहे. आरंभीं अतिथियंत्राची स्मृति गाभा स्वतःच्या खात्यांतून काढून देई. पुढें ही रीत बदलली. यंत्र चालविणारा जो साधा प्रोग्रॅम, त्यानेंच आपल्या नांवावरची स्मृति दाखवावी, आणि 'ही अतिथीची म्हणून समज' एवढेंच गाभ्यास सांगावें, असें ठरलें. फरक दिसावयास लहान, पण परिणाम मोठा. अतिथीची स्मृति ही गाभ्याच्या दृष्टीनें एका सामान्य कुळाची स्मृति झाली. मग सामान्य कुळासाठीं जे नियम, ज्या सवलती आणि जीं बंधनें पूर्वींच सिद्ध होतीं, तीं सर्व तिला आपोआप लागू झालीं. न लागणारें पान पडवींत टाकणें, लहान पानांऐवजीं मोठें पान देणें, मर्यादेपेक्षां अधिक जागा न देणें, यांसाठीं वेगळा कायदा करावा लागला नाहीं. नवीन संबंध जोडतांना जुन्या, कसाला लागलेल्या संबंधांत तो बसवितां येतो काय, हें आधीं पाहावें, हा या कलेंतला पहिला धडा.

आतां मुख्य प्रश्न. या आंतल्या वखारींत बाहेरच्यानें शिरण्याची गरज तरी काय? गरजा खऱ्या आहेत. एक यंत्र दुरुस्तीला काढावयाचें असेल तर त्यावर चालत असलेलें आभासी यंत्र, काम न थांबवितां, दुसरीकडे हलवावें लागतें. म्हणजे त्याचीं लाखों पानें उचलून न्यावीं लागतात. कोणाला त्याची नक्कल जपून ठेवावयाची असते. कोणी पहारेकरी आंत चोर शिरला आहे काय हें बाहेरून पाहूं इच्छितो. कारण आंतला पहारेकरी चोरानें फितविलेला असूं शकतो. स्टॅनफर्ड विद्यापीठांतील गार्फिंकेल आणि रोझेनब्लम यांनीं २००३ सालीं ही बाहेरच्या पहाऱ्याची कल्पना सविस्तर मांडली. कोणास आंत विनावापर पडलेली जागा परत हवी असते. तिच्यासाठीं व्हीएमवेअर कंपनीच्या वाल्डस्पर्गर यांनीं २००२ सालीं वर्णिलेली युक्ति मोठी मजेदार आहे: आंत एक 'फुगा' ठेवावयाचा, तो फुगला कीं आंतला कारभारी स्वतः होऊन आपलीं निरुपयोगी पानें त्याच्या स्वाधीन करतो, आणि बाहेरचा कारभारी तेवढीं पानें दुसऱ्याला देतो. आंत काय उपयोगाचें आणि काय टाकाऊ हें आंतल्यालाच ठाऊक असतें. त्यामुळें त्यालाच निवडूं देणें हें शहाणपणाचें.

तेव्हां दार हवें हें निश्चित. तें कसें असावें, याचे चार नमुने आपण पाहूं.

पहिला नमुना सगळ्या वखारीच्या किल्लीचा. जुन्या गाभ्यांत 'डेव्ह-मेम' नांवाचें असें एक दार असे. ज्याच्या हातीं सर्वाधिकार, त्यानें तें उघडावें आणि यंत्राच्या स्मृतींतील हवा तो कोनाडा वाचावा, हवा तेथें लिहावें. किल्ली एक, सोय मोठी. पण अशा किल्लीला 'फक्त शेवटची खोली' हें बंधन घालतां येत नाहीं. २००८ सालीं लिनक्समध्यें या दारावर कुलूप घालण्याची सोय करण्यांत आली.

दुसरा नमुना प्रत आणून देण्याचा. बाहेरच्यानें चिठ्ठी लिहावी, 'अमुक कुळाच्या अमुक पावतीवरचा माल दाखवा'. कारभाऱ्यानें अधिकार तपासावा, नमुना काढून हातावर ठेवावा, आणि दार पुन्हा बंद व्हावें. २०१२ च्या आरंभीं लिनक्सच्या ३.२ या आवृत्तींत अशी सोय आली. ही फार सुरक्षित. उणीव एवढीच, कीं दर वेळीं नक्कल करावी लागते. दहा पानें पाहावयाचीं असतील तर उत्तम. दहा लक्ष पानें सतत पाहावयाचीं असतील तर नक्कल करतां करतांच दिवस मावळतो. शिवाय नक्कल हातीं येईपर्यंत मूळ माल बदललेला असूं शकतो.

तिसरा नमुना खिडकीचा. एकदां अधिकार तपासून बाहेरच्याच्या भिंतीला अशी खिडकी पाडून द्यावयाची, कीं त्यांतून आंतली थप्पी थेट दिसेल. वेग उत्तम, पण येथें एक कठीण अडचण उभी राहते. कारभाऱ्यास थप्प्या हलविण्याची मुभा आहे, हें आपण विसरतां कामा नये. त्यानें थप्पी हलविली, आणि खिडकीवाला अजून जुन्या जागेकडेच पाहत राहिला, तर त्याला आतां तेथें ठेवलेला तिसऱ्याच गृहस्थाचा माल दिसेल. केवळ चुकीची माहिती मिळेल एवढेंच नव्हे, तर परक्याचें गुपित उघडें पडेल. ही अडचण टाळण्याचा जुना उपाय म्हणजे थप्पी जमिनीला खिळून टाकणें. मग ती हलणारच नाहीं. पण सगळ्या थप्प्या खिळल्या म्हणजे कारभाऱ्याचे हात बांधले गेले. जागेचें सारें अर्थशास्त्रच कोलमडलें.

यावर २००८ सालीं लिनक्सच्या २.६.२७ या आवृत्तींत एक सुबक उपाय आला. तो मुख्यतः इटलीचे आंद्रेआ आर्कांजेली यांनीं घडविला. कारभाऱ्यानें थप्पी हलविण्यापूर्वीं, ज्यांनीं ज्यांनीं तिच्यावर नजर ठेवली आहे त्या सर्वांस सूचना द्यावी. त्यांनीं आपली खिडकी मिटावी आणि 'मिटली' असें कळवावें. मगच पोतीं हलावींत. नंतर ज्यास हवें त्यानें नव्या जागेचा पत्ता पुन्हा विचारावा. येथें कारभाऱ्याची सत्ता अबाधित राहते, आणि पाहणाऱ्याची फसगतहि होत नाहीं. माझ्या मतें या संबंध विषयाचें मर्म येथें आहे. पाहण्याचा हक्क देणें हें अर्धेंच काम. तो हक्क क्षणांत मागें घेतां यावा आणि मागें घेतल्याचें हक्कदारास वेळेवर कळावें, हें उरलेलें अर्धें.

चौथा नमुना याच्या उलट आहे. येथें बाहेरच्याला आंत पाहावयाचें नसतें. आंतल्याला न सांपडलेली वस्तु बाहेरच्यानें पुरवावयाची असते. यंत्र एका जागेहून दुसऱ्या जागीं हलवितांना सारीं पानें पोहोंचण्यापूर्वींच तें नव्या ठिकाणीं सुरू केलें, तर मधूनच त्याला एखादें पान सांपडत नाहीं. २०१५ सालीं ४.३ या आवृत्तींत अशी सोय झाली, कीं अशा वेळीं गाभा त्या कामास क्षणभर थांबवितो आणि नेमलेल्या प्रोग्रॅमला कळवितो, 'अमुक पान हवें आहे'. तो तें पान जुन्या यंत्राकडून मागवून देतो आणि काम पुढें चालतें. या स्थलांतराच्या दुसऱ्या रीतींत कोणतीं पानें मध्यंतरीं बदललीं याची नोंद लागते. केव्हीएम ती पानागणिक एक खूण करून देते. चार गिगाबाइटांच्या संपूर्ण यंत्राची अशी खूणवही अवघ्या १२८ किलोबाइटांत मावते. 'काय बदललें' एवढेंच सांगितल्यानें काम भागत असेल तर 'काय आहे' तें दाखवूं नये, हा धडा या लहानशा वहीपासून घेण्याजोगा आहे.

श्रोतेहो, दाराचा नमुना ठरला म्हणजे काम संपलें असें नाहीं. कराराचीं कलमें लिहावयाचीं राहतात. दार कोणी मागावें? लिनक्सची रूढ रीत अशी, कीं परवानगी म्हणजे हातीं धरतां येईल असें एक टोकन असावें. ज्याच्यापाशीं टोकन तोच आंत जाईल, आणि टोकन धारण करणारा प्रोग्रॅम संपतांच तें आपोआप रद्द व्हावें. मेलेल्या माणसाच्या नांवानें चालणारा वखारीचा व्यवहार जसा घातक, तसाच हा. मागणी पानाच्या पटींतच असावी, कारण कारभारी पानाखालचा हिशेब ठेवीत नाहीं. नकार द्यावयाचा तर कारण स्पष्ट सांगावें.

आणि एक कलम सर्वांत महत्त्वाचें. अर्जांत जीं रिकामीं रकाने-स्थानें आहेत, त्यांत आज कोणी कांहीं भरलें तर तो अर्ज सरळ नाकारावा. हें विचित्र वाटेल. पण अनुभव असा आहे, कीं जुन्या काळीं गाभ्यानें असा मजकूर नुसता दुर्लक्षिला. लोकांनीं तेथें वाटेल तें भरलें, आणि पुढें त्या रकान्यास खरा अर्थ द्यावयाची वेळ आली तेव्हां तो देतांच येईना. कारण लिनक्सचें एक व्रत आहे: बाहेरच्या प्रोग्रॅमांना एकदां जें वचन दिलें तें मोडावयाचें नाहीं. केव्हीएमच्या कराराचा आवृत्तिक्रमांक १२ असा स्थिर झाला आहे, आणि तो बदलेल अशी अपेक्षा धरूं नये असें तिच्या दप्तरींच नमूद आहे. नव्या सोयी येतात, पण त्या 'ही सोय तुझ्यापाशीं आहे काय' असें विचारून घ्यावयाच्या. दार एकदां पाडलें कीं पिढ्यान्पिढ्या तें बुजवितां येत नाहीं. चंचुप्रवेशे मुसलप्रवेशः, हें वचन येथें अक्षरशः खरें आहे. म्हणून लहानशा दारासाठींहि गाभ्याचे राखणदार महिनेन्‌महिने वाद घालतात, आणि मागणारांस तें कधीं कधीं हट्टाचें वाटतें. तो हट्ट नव्हे. ती जबाबदारीची जाणीव आहे.

आतां गुप्ततेकडे वळूं. सोयीसाठीं केलेली व्यवस्था कशी अनपेक्षितपणें बोलकी होते याचें एक उदाहरण पाहा. दोन व्यापाऱ्यांच्या भागांत अगदीं तंतोतंत सारखीं पोतीं असतील, तर दोन ठेवण्याऐवजीं एकच ठेवून दोघांच्या वहींत त्याचाच पत्ता लिहावा, म्हणजे जागा वांचते. २००९ च्या अखेरीस लिनक्समध्यें ही युक्ति आली. कोणी त्या पोत्यास हात लावला कीं तेवढ्यापुरती त्याची वेगळी प्रत करावयाची. पण वेगळी प्रत करण्यास किंचित् अधिक वेळ लागतो. त्या विलंबावरून एक व्यापारी ओळखूं शकतो कीं, 'माझ्यासारखेंच पोतें शेजाऱ्यापाशीं आहे!' २०११ सालीं संशोधकांनीं हें करूनच दाखविलें. म्हणून ही सोय आतां जेथें सर्व यंत्रें एकाच धन्याचीं असतील तेथेंच वापरणें इष्ट मानतात.

याहून गंभीर प्रश्न खुद्द वखारीच्या मालकाचा. आजवर आपण असें धरून चाललों कीं बाहेरचा कारभारी विश्वासू आहे. पण कुंपणच शेत खाऊं लागलें तर? भाडेकरूचें दप्तर मालकानें वाचलें तर त्यास अडवावें कोणीं? गेल्या दशकांत प्रोसेसर करणाऱ्या कंपन्यांनीं अतिथीचीं पानें सांकेतिक लिपींत ठेवण्याची योजना केली. किल्ली प्रोसेसरच्या पोटांत, मालकाच्या हातीं नाहीं. तिला अनुरूप अशी सोय मार्च २०२४ मध्यें लिनक्सच्या ६.८ या आवृत्तींत आली: अतिथीस अशी स्मृति देतां येते, कीं जिच्यावर यंत्र चालविणाऱ्या प्रोग्रॅमलासुद्धां खिडकी पाडतां येत नाहीं. मघाशीं सांगितलेला पहिला धडा येथें उलटला. अतिथीची स्मृति हें सामान्य कुळाचें वतन मानल्यानें फायदे झाले खरे. पण त्याचमुळें तें कूळ ती वाचूंहि शकत होतें. पूर्वीं जें शहाणपण होतें त्यास आतां मुरड घालावी लागली.

यावर दुसरी बाजूहि आहे, आणि ती टाकाऊ नाहीं. मालकाला दिसत नाहीं तें पहारेकऱ्यालाहि दिसत नाहीं. बंद खोलींत दप्तर सुरक्षित राहतें, तसा चोरहि सुरक्षित राहतो. स्थलांतर, नक्कल, जागेची काटकसर, हीं सर्व कामें अवघड होतात. मग निवाडा काय? मला वाटतें, आज जी दिशा दिसते ती योग्य आहे: मुळांत सर्व पानें बंद, आणि त्यांपैकीं कोणतीं बाहेरच्यास दाखवावयाचीं हें अतिथीनें स्वतः, एकेका पानाचें नांव घेऊन, ठरवावें. फुग्याच्या युक्तींत आपण पाहिलेंच, कीं आंतलें शहाणपण आंतल्यालाच असतें. २०२३ सालीं आपल्या संसदेनें व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. कायदा अपराध घडल्यावर जाब विचारूं शकतो. दाराची रचना अपराध घडूंच न देण्याचें काम करते. एक दुसऱ्याची जागा घेऊं शकत नाहीं. दोन्ही हवींत.

आतां पुन्हा दुधाळ्याकडे येऊं, कारण तेथें एक वेगळाच धडा आहे. अमेरिकेंत हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टन येथें लायगोच्या ज्या वेधशाळा चालू आहेत, त्यांच्याच घडणीची ही वेधशाळा होणार. तेथें आरसे स्थिर ठेवण्याचा हिशेब संगणक सेकंदास १६,३८४ वेळां करतो; कांहीं कामें याहूनहि जलद चालतात. म्हणजे दर हिशेबास सुमारें ६१ मायक्रोसेकंद मिळतात. एवढ्या अवधींत 'थांबा, पान पडवींत आहे, आणून देतों' असें कारभाऱ्यानें म्हटलें तर आरसा ढळेल. म्हणून त्या कामासाठीं प्रोसेसरचा एक एक भाग स्वतंत्र राखून ठेवतात, त्यावर दुसऱ्या कोणास येऊं देत नाहींत, आणि हिशेब गाभ्याच्या आंतच चालवितात. निष्पन्न झालेले आंकडे सामायिक स्मृतीच्या एका फळ्यावर लिहिले जातात. बाहेरच्या प्रोग्रॅमांनीं ते तेथून वाचावेत. हिशेब करणाऱ्याच्या कामांत त्यांचा अडथळा येऊं नये. खिडकी आहे, पण ती हिशेबाच्या खोलीला नाहीं, फळ्याला आहे.

पुढें तेच आंकडे विश्लेषणासाठीं पुण्यासारख्या ठिकाणीं जातात, तेथें परिस्थिति पालटते. पुण्याच्या 'आयुका' या संस्थेंत संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी यांनीं १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून या क्षेत्रांत काम केलें. धुरंधर व सत्यप्रकाश यांनीं १९९१ सालीं, गोंगाटांतून लहर ओळखण्यासाठीं तिचे किती आणि कोणते अपेक्षित नमुने ताडून पाहावे लागतील, हें दाखवून दिलें. या ताडणीस स्मृति विपुल लागते, आणि अशी संगणकशाळा एकट्याची नसते. आयुकाच्या 'सारथी' या संगणकसमूहाचा उपयोग अनेक संशोधक करतात. जेथें अनेकांचा संसार एका छपराखालीं, तेथें वखारीचे नियम आलेच. ज्या कामास क्षणाचा विलंब चालत नाहीं त्यास स्वतंत्र घर, आणि ज्यास जागा पुष्कळ पण घाई बेताची त्यास सामायिक वखार, असा हा विवेक आहे.

शेवटीं एवढेंच सांगावयाचें, कीं गाभ्याचें दार घडविणें हें केवळ यंत्रज्ञाचें कसब नव्हे. कोणी मागितलें, किती मागितलें, कोठवर द्यावें, परत कसें घ्यावें, आणि ज्याचें आहे त्याला विचारलें काय, हे प्रश्न विश्वस्ताचे आहेत. आपल्या घरचे कागद ज्या यंत्रांत राहतात, तें चालविणाऱ्या संस्थेला हे प्रश्न विचारण्याचा अधिकार आपणा सर्वांना आहे. त्यांचीं उत्तरें समजण्यापुरती ओळख आजच्या भाषणानें झाली असेल, अशी मी आशा करतों.